‘वाचता येत नाही’ म्हणजे नेमके काय?

‘वाचनात कच्चा’ हा शेरा आपल्या शाळांमध्ये इतक्या सहजपणे लिहिला जातो, की त्याचा अर्थ काय असे कोणी विचारतच नाही. समजा, दवाखान्यात आलेल्या प्रत्येक रोग्याच्या कागदावर डॉक्टरांनी ‘आजारी आहे’ एवढेच लिहिले आणि सर्वांना एकच औषध दिले, तर आपण त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही. वाचनाच्या बाबतीत मात्र असेच घडते. पाचवीतले मूल अडखळले, की त्याला पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसवायचे, बाराखडी दहा वेळा लिहून आणायला सांगायची आणि ‘घरी वाचन घ्या’ अशी सूचना पालकांना द्यायची, हा आपला ठरलेला उपचार. काहींना तो लागू पडतो, अनेकांना पडत नाही. ज्यांना पडत नाही, ती मुले ‘ढ’ ठरतात.

यात शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. अडखळणाऱ्या मुलाचे वाचन कसे ऐकावे, त्यातून काय ओळखावे, हे आपल्याला अध्यापक विद्यालयात फारसे कोणी शिकवलेले नसते. या लेखात आपण दोन गोष्टी पाहू. वाचन नेमके कुठे कुठे अडते, ही पहिली. आणि ते ओळखण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना कसे मिळू शकेल, ही दुसरी.

प्रश्नाचे स्वरूप

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ हे सर्वेक्षण केले जाते. त्यातली वाचनाची चाचणी अगदी साधी आहे. मुलाला आधी अक्षरे, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते का, एवढेच पाहतात. ही दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होते. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर आले. २०२४ साली ते ४८.८ टक्के झाले. म्हणजे घसरण बरीचशी भरून निघाली. तरीही पाचवीतले साधारण प्रत्येक दुसरे मूल दुसरीची गोष्ट वाचू शकत नाही.

यात केवळ भाषा विषयाचे गुण जातात असे नाही. तिसरीपर्यंत मूल ‘वाचायला’ शिकते. त्यानंतर ते ‘वाचून’ शिकावे अशी आपली अपेक्षा असते. इतिहासाचा धडा, विज्ञानातला प्रयोग, गणितातले शाब्दिक उदाहरण हे सारे वाचनावर उभे असते. ज्याला वाचता येते ते मूल अधिक वाचते, त्यामुळे त्याचे शब्द वाढतात आणि वाचन आणखी सोपे होते. ज्याला येत नाही ते वाचन टाळते आणि आणखी मागे पडते. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली या वाढत जाणाऱ्या दरीकडे लक्ष वेधले. या दरीत पडलेले मूल सातवी-आठवीत गेले, की वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागते, प्रकट वाचनाची पाळी आली की पाण्याला जायची परवानगी मागते, आणि पुढे एक दिवस शाळेत येईनासे होते.

२०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते योग्यच आहे. पण तिसरी ओलांडून गेलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न मग चौथी ते आठवीच्या शिक्षकांपुढे उभा राहतो.

वाचन आपोआप येत नाही

बोलणे मूल घरातल्यांचे ऐकून शिकते; त्यासाठी शाळा लागत नाही. वाचनाचे तसे नाही. माणूस लिहू लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी खास वेगळा भाग तयार होणे शक्य नव्हते. वस्तू आणि चेहरे ओळखण्यासाठी असलेले दृष्टीचे जाळे आणि बोलण्यासाठी असलेले भाषेचे जाळे यांची एकमेकांशी जोडणी करूनच प्रत्येक मूल वाचायला शिकते. ही जोडणी शिकवावी लागते, आणि ती उशिराही होऊ शकते. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली होती. शिकण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या चित्रांत फरक दिसल्याचे संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. तेव्हा ‘सहावीत गेला, आता काय शिकणार?’ असे म्हणायला शास्त्रीय आधार नाही.

वाचन म्हणजे काय, याचे एक सोपे सूत्र फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडले. त्यांच्या मते वाचून समजणे हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. पहिली, लिपीची उकल, म्हणजे छापील खुणांवरून शब्द ओळखणे. दुसरी, भाषेची समज, म्हणजे तोच मजकूर कोणी वाचून दाखवला तर तो कळणे. येथे बेरीज न घेता गुणाकार घेतला आहे हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असले तर उत्तर शून्य येते. लिपी येते पण भाषा कळत नाही, किंवा भाषा उत्तम कळते पण लिपी येत नाही, अशी दोन्ही मुले प्रश्नपत्रिकेत सारखीच कोरी जागा सोडतात. त्यांना लागणारी मदत मात्र अगदी वेगळी असते.

आपल्या लिपीचे सोपे आणि अवघड

‘मराठी जशी बोलावी तशी लिहिली जाते, मग वाचायला अवघड काय?’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीच्या मानाने ते बरेचसे खरेही आहे. पण नुकते शिकणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर अडचणी दिसू लागतात.

पहिली अडचण संख्येची. व्यंजने ३४ धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर ४०० हून अधिक रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. इंग्रजी शिकणारे मूल २६ अक्षरांच्या लहान-मोठ्या आकृत्या पहिल्या वर्षातच ओळखू लागते. आपल्यासारखीच अक्षररचना असलेल्या कन्नड लिपीचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवून दिले, की अक्षरांवर पकड यायला मुलांना तिसरी-चौथीपर्यंतचा काळ लागतो. म्हणजे ‘बाराखडी पहिलीत संपली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती आपली संपलेली असते, मुलाची नाही.

दुसरी अडचण खुणांच्या जागेची. काना अक्षराच्या पुढे, मात्रा वर, उकार खाली आणि पहिली वेलांटी चक्क आधी. ‘कि’ लिहिताना खूण आधी दिसते, पण तिचा उच्चार मागाहून होतो. ‘र’ तर चार वेषांत येतो : सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. घ-ध, भ-म, ब-व, थ-य ही जुळी भावंडे निराळीच.

तिसरी अडचण मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. ‘कमळ’ हा शब्द आपण ‘कमळ्’ असा म्हणतो. शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ उच्चारत नाही. ‘बसली’ हा शब्द म्हणताना मधल्या ‘स’मधला ‘अ’ गळतो आणि ‘बस्ली’ होते. मूल मात्र शिकल्याप्रमाणे ‘क’, ‘म’, ‘ळ’ असे पूर्ण ‘अ’सह सुटे उच्चार करते. हे तीन सुटे उच्चार कितीही भरभर म्हटले, तरी ‘कमळ’ हा ओळखीचा शब्द आपोआप कानावर पडत नाही. सुट्या अक्षरांकडून बोलीतल्या शब्दाकडे उडी मारावी लागते, आणि ही उडी कशी मारायची ते दाखवावे लागते.

शिक्षकांनी स्वतःची एक छोटी परीक्षा घेऊन पाहावी. ‘अंगण’, ‘दांडी’, ‘आंबा’ आणि ‘संवाद’ या शब्दांतला अनुस्वार आपण सारखाच उच्चारतो का? ‘जग फार मोठे आहे’ आणि ‘सुखाने जग’ यांतला ‘ज’ एकच आहे का? हे शब्द सावकाश म्हणून पाहिले, की पहिल्या चार शब्दांत अनुक्रमे ङ्, ण्, म् आणि अनुनासिक व् ऐकू येईल. दोन ‘जग’ही वेगळे वाटतील. आपण हे नेहमी अचूक उच्चारतो, पण जाणीवपूर्वक पाहिलेले नसते. अमेरिकेत लुइसा मोट्स यांनी १९९४ साली तिथल्या शिक्षकांविषयी असेच लिहिले होते. अनुभवी शिक्षकांनाही आपल्या भाषेतल्या ध्वनींची रचना स्पष्ट सांगता येत नव्हती, कारण ती त्यांना कधी शिकवलीच नव्हती. ज्याला ध्वनी वेगळे ऐकू येतात, त्यालाच मुलाची चूक वेगळी ऐकू येते. म्हणून वाचनाच्या प्रशिक्षणाची सुरुवात शिक्षकाच्या कानापासून व्हायला हवी.

एक उतारा, पाच मुले

पुढील चार ओळींचा उतारा पाहा.

‘सकाळी आजी अंगणात बसली होती. तिच्या हातात सूप होते. दाणे टिपायला चिमण्या आल्या. मांजर दारामागून हळूच पाहत होते.’

हा उतारा पाच मुलांनी वाचला, असे समजू. पाचही जणांच्या नावापुढे ‘वाचनात कच्चा’ असाच शेरा आहे.

पहिले मूल वाचते : ‘सकळी आजी अगणत बसली होती. तिचा हातात सूप होते. दणे टिपयल चिमणा आला. मजर दरमगून हळूच पहत होते.’ अठरा शब्दांपैकी दहा चुकले. लाल शाईने दहा फुल्या मारल्या, तर हाती काही लागणार नाही. पण चुकांची वर्गवारी केली तर? सात शब्दांत काना सुटला आहे, तीन शब्दांत जोडाक्षर सुटले आहे, आणि काना सुटलेल्यांपैकी दोन शब्दांत अनुस्वारही सुटला आहे. चुका दहा, कारणे तीनच! ‘आजी’, ‘हातात’ हे रोजचे शब्द मात्र बरोबर आले, कारण मुलाने ते अखंड चित्रासारखे लक्षात ठेवले आहेत. या मुलाला मुळाक्षरे पुन्हा गिरवायला लावणे व्यर्थ आहे. ती त्याला येतात. त्याला ‘दणे-दाणे’, ‘मर-मार’, ‘कळ-काळ’ अशा जोड्या हव्यात. काना पक्का झाला की मग जोडाक्षर घ्यावे.

दुसरे मूल वाचते : ‘सकाळी आई अंगणात बसली होती. तिच्या हातात सुपली होती. दाणे खायला चिमण्या आल्या. मांजर दारातून हळूच पाहत होते.’ किती झोकात! घाईत ऐकले तर चूक कळणारही नाही. हे मूल शब्दाची सुरुवात आणि वाक्याचा रोख पाहून बाकीचा शब्द मनाने भरते. ‘सुपली’ म्हटल्यावर त्याने क्रियापदही ‘होती’ असे बदलून घेतले. म्हणजे भाषेची समज उत्तम आहे. पूर्वी काही तज्ज्ञ अशा अंदाजाला कुशल वाचनाचे लक्षण मानत. पुढे डोळ्यांच्या हालचालींचे बारकाईने मापन झाले, तेव्हा दिसून आले की कुशल वाचक जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर नजर टेकवतो. अंदाजावर विसंबतो तो कच्चा वाचक. या मुलाला ‘शब्दाच्या शेवटापर्यंत बोट ने’ असे सांगावे, आई-आजी, दारातून-दारामागून असे जवळचे शब्द समोरासमोर ठेवावे. पुढच्या इयत्तेत मजकूर अनोळखी झाला, की याचे अंदाज कोसळणार आहेत.

तिसरे मूल एकही चूक करत नाही. पण ‘स... का... ळी... सकाळी’ असे करत चार ओळींना तीन मिनिटे लावते. ‘अंगणात कोण बसले होते?’ असे विचारले की गप्प होते. याचे कारण स्मरणशक्तीच्या रचनेत आहे. काम करता करता मनात धरून ठेवायची आपली जागा फार लहान असते. काही थोड्याच गोष्टी तिथे एका वेळी मावतात. ती सगळी जागा अक्षरे जुळवण्यात खर्ची पडली, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. या मुलाला ओघ हवा. एकच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचायला देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. जे सॅम्युएल्स यांनी तो १९७९ साली मांडला. आधी शिक्षकाने वाचून दाखवावे, मग बरोबर वाचावे, मग मुलाने एकट्याने वाचावे.

चौथे मूल वाचते : ‘सकाली आजी अंगनात बसली होती... दाने टिपायला चिमन्या आल्या.’ न अडखळता वाचते, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देते. हे मूल वाचनात कच्चे नाहीच! त्याने ‘ळ’ आणि ‘ण’ नीट ओळखले, शब्द ओळखला आणि तो आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. प्रमाण उच्चार पुढे सावकाश शिकवता येतील. पण दर शब्दाला त्याला थांबवले, तर त्याचा ओघ तुटेल आणि ‘आपले बोलणेच चुकीचे’ एवढाच धडा ते शिकेल.

पाचवे मूल घडाघडा वाचते, पण अर्थ सांगू शकत नाही. ते घरी कोरकू, पावरी किंवा दुसरी एखादी भाषा बोलत असेल. ‘टिपणे’ हे क्रियापद त्याने कधी ऐकलेच नसेल. किंवा ते शहरातले असेल आणि आजीच्या हातात टोमॅटोचे सूप होते अशी त्याची पक्की समजूत असेल! येथे लिपीची उकल पूर्ण आहे, भाषेची समज अपुरी. या मुलाला बाराखडी नको, गप्पा हव्यात. वर्गात एखादे खरे सूप आणून दाणे पाखडून दाखवावेत, घरच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते विचारावे, गोष्टी वाचून दाखवाव्यात.

प्रत्यक्षात मुले इतकी काटेकोर वेगळी नसतात. एकाच मुलात दोन-तीन अडचणी एकत्र असतात. पण सर्वात आधी कोणती सोडवायची हे चुकांच्या नोंदीवरून ठरवता येते.

वाचननोंद : पाच मिनिटांचे साधन

‘असर’सारखी चाचणी मूल कोणत्या पायरीवर आहे ते सांगते. ते तिथे का थांबले आहे, हे सांगण्यासाठी दुसरे साधन लागते. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी असे साधन वर्गासाठी तयार केले आणि ते अनेक देशांत वापरले जाते. आपल्या सोयीसाठी त्याला ‘वाचननोंद’ म्हणू.

मुलाला जवळ बसवावे. सुमारे १०० शब्दांचा उतारा त्याच्यापुढे ठेवावा आणि त्याचीच एक प्रत आपल्याकडे घ्यावी. मूल वाचत असताना बरोबर शब्दावर बारीक खूण करावी. चुकलेल्या शब्दावर मुलाने काय म्हटले ते जसेच्या तसे लिहावे. गाळलेल्या शब्दावर आडवी रेघ मारावी. स्वतःहून सुधारले तर ‘सु’ लिहावे. मध्ये बोलू नये, हे सर्वात कठीण आणि सर्वात महत्त्वाचे. शेवटी तीन-चार प्रश्न विचारावेत.

क्ले यांच्या पद्धतीत १०० पैकी ९५ किंवा अधिक शब्द बरोबर आले तर तो उतारा त्या मुलाला सोपा मानतात. ९० ते ९४ बरोबर आले, तर शिकवण्यासाठी तो उतारा योग्य. त्याहून कमी आले, तर उतारा अवघड, तो बदलावा. हे आकडे इंग्रजीच्या संदर्भात ठरलेले आहेत, तेव्हा मराठीत ते अंदाजासाठीच वापरावेत. खरा उपयोग टक्क्यांपेक्षा चुकांच्या वर्गवारीचा आहे. एका मुलाला पाच मिनिटे लागतात. रोज दोन मुले घेतली, तर ४० मुलांचा वर्ग २० दिवसांत पूर्ण होतो.

नोंदीनंतर जे शिकवायचे ते थोडे आणि नेमके असावे. अक्षरे कच्ची असतील, तर सर्व मुळाक्षरे ओळीने न घेता थोडी अक्षरे आणि एखादी खूण घ्यावी. क, म, र, ल आणि काना एवढ्या पाच गोष्टींतून काम, मका, मामा, राम, लाल, कमाल असे शब्द होतात आणि ‘काका, काम कर’ असे वाक्यही होते! बाराखडी तालात म्हणता येणे आणि त्यातले ‘की’ सुटे दिसल्यावर ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून बाराखडी नेहमी मधूनच विचारावी.

प्रशिक्षण का वाया जाते?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हे सारे शिक्षकांना सभागृहात दोन दिवस सांगितले, की काम होईल का? याचे उत्तर देणारे प्रयोग आपल्याच देशात झाले आहेत.

मुंबई आणि वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ हा उपक्रम तपासला गेला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांचे १५ ते २० जणांचे गट करून, वस्तीतल्याच एखाद्या तरुणीने त्यांना रोज दोन तास पायाभूत वाचन आणि गणित शिकवायचे, असे त्याचे स्वरूप होते. या तरुणी प्रशिक्षित शिक्षिका नव्हत्या. त्यांना सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि नंतर नियमित मार्गदर्शन मिळत होते. तरीही मुलांच्या गुणांत स्पष्ट सुधारणा दिसली, आणि सर्वाधिक फायदा सर्वात मागे असलेल्यांना झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले.

मग हीच पद्धत सरकारी शिक्षकांना शिकवून पाहिली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. बिहारमध्ये २००८ सालच्या उन्हाळ्यात शिक्षकांनी सुमारे महिनाभर वाचनवर्ग घेतले. मुलांचे वाचन सुधारले. पण वर्ष सुरू झाल्यावर नेहमीच्या वर्गात, केवळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन, तसा परिणाम दिसला नाही. उत्तराखंडातही दिसला नाही. शिक्षकांना पद्धत येत होती, हे उन्हाळ्यात सिद्ध झाले होते. शाळा सुरू होताच अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे आले, आणि मुले पातळीनुसार न बसता इयत्तेनुसार बसली. तेव्हा शिकलेली पद्धत वापरायला जागाच उरली नाही. हरियाणात २०१२-१३ साली यावरून धडा घेतला गेला. शाळेच्या वेळात एक तास खास राखला, त्या तासाला मुलांना इयत्ता विसरून पातळीनुसार बसवले, आणि शाळाभेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ही पद्धत स्वतः शिकवायला लावली. या वेळी वाचन सुधारले.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० च्या दशकापासून हेच सांगत आले. नवे कौशल्य ऐकून समजते, प्रात्यक्षिक पाहून पटते. पण ते वर्गात रुजायचे तर कोणीतरी बरोबर राहून पाहणारे, सुचवणारे हवे. सायकल चालवण्यावरचे व्याख्यान ऐकून सायकल येत नाही, हे आपण मुलांना सांगतो. तेच आपल्यालाही लागू आहे.

केंद्रस्तरावर काय करता येईल?

मोठ्या योजनेची वाट न पाहता केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे सुरू करता येईल, असे आम्हाला वाटते. पहिल्या महिन्यात प्रत्येक शिक्षकाने एका मुलाचे वाचन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणावे. मुलाचे नाव सांगू नये आणि काम झाल्यावर ध्वनिमुद्रण पुसून टाकावे. सर्वांनी मिळून ते ऐकावे आणि प्रत्येकाने स्वतंत्र वाचननोंद करावी. मग नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच मुलाच्या दहा नोंदी दहा प्रकारच्या आल्या, तर तो अपयशाचा भाग नाही. प्रशिक्षण तिथूनच सुरू होते. चुकांची वर्गवारी करून ‘या मुलाला पुढचे दोन आठवडे काय द्यायचे?’ एवढ्याच प्रश्नावर चर्चा करावी.

दुसऱ्या महिन्यात तेच मूल, नवा उतारा. काय बदलले? बदलले नसेल तर उपाय चुकला की निदान? जवळच्या शाळांतल्या दोन शिक्षकांनी जोडी करून एकमेकांचा एकेक तास पाहावा. केंद्रप्रमुखांनी आणि साधनव्यक्तींनी भेटीच्या वेळी रजिस्टर पाहण्याआधी एका मुलाशेजारी बसून वाचननोंद करावी. आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात तो एक तास राखून द्यावा. त्याशिवाय बाकीचे सारे कागदावरच राहील.

सगळे करूनही अडले तर?

नेमकी मदत दोन-तीन महिने नियमित देऊनही काही मुलांचे वाचन पुढे सरकत नाही. अशा वेळी आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणारे मूल ‘ढ’ ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तेही ठीक असेल, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनविषयक विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता असते. या मुलांची बुद्धी कमी नसते; अक्षर आणि ध्वनी यांची जोडणी त्यांना फार कठीण जाते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू शकतात. मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजी चाचण्यांनी तपासणे योग्य नव्हे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा भारतीय भाषांसाठीचा चाचणीसंच तयार केला असून त्यात मराठीही आहे.

निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षकाने शेरा मारू नये. पण तज्ज्ञाकडे जाताना पालकांच्या हातात तीन महिन्यांच्या वाचननोंदी असतील, तर त्यांचा मोठा उपयोग होतो. आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणून शिकवणे थांबवायचे नसते. या मुलांनाही अक्षर-ध्वनीचे तेच शिक्षण हवे असते. अधिक सावकाश, अधिक वेळा आणि अधिक धीराने.

हा अंक हाती पडल्यावर पुढच्या आठवड्यात आपल्या वर्गातल्या एका अडखळणाऱ्या मुलाला जवळ बसवा, एक उतारा द्या आणि मध्ये न बोलता ऐका. त्याने काय म्हटले ते जसेच्या तसे लिहून घ्या आणि त्या चुकांचे गट पाडा. त्याच्या नावापुढे ‘वाचनात कच्चा’ याऐवजी ‘काना सुटतो’ किंवा ‘शब्दाचा शेवट पाहत नाही’ असे काही लिहिता आले, तर त्याला उद्या काय शिकवायचे ते ठरले असे समजा.